दुसरा घोडा कोणाच्या खर्चाने?

मॉस्कोत एखाद्या दुकानाच्या बंद दारावर, लिफ्टच्या जाळीवर किंवा खणून ठेवलेल्या रस्त्याच्या कडेला 'रेमोंत' असा एकच शब्द लिहिलेला असतो. डॉक्टर व्हायला रशियात गेलेल्या मराठी मुलांनाही तो केव्हा ना केव्हा भेटतोच. अर्थ सोपा आहे: दुरुस्ती चालू आहे. गळके छप्पर, तुंबलेली मोरी, उडालेला रंग, बंद पडलेले घड्याळ, सगळ्याला एकच औषध, रेमोंत. गंमत अशी की हा शब्द गवंड्याचा नाही आणि सुताराचाही नाही. तो पागेतून आला आहे. रशियन घोडदळाने तो फ्रेंचांकडून उचलला, तेव्हा त्याचा अर्थ होता मेलेल्या, लंगड्या झालेल्या आणि थकलेल्या घोड्यांच्या जागी नवे घोडे भरणे. त्यासाठी पलटणीचा एक अधिकारी पैशांची थैली घेऊन घोडेबाजार पालथे घालत असे. पुढे घोड्यांची तूट भरण्याचा शब्द कुठलीही तूट भरण्याचा झाला. घोडा निघून गेला आणि दुरुस्ती मागे राहिली.

या शब्दाचा इंग्रजी सख्खा भाऊ म्हणजे 'रिमाउंट'. पुन्हा चढणे, पुन्हा स्वार होणे. जुन्या फ्रेंचमधून तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'मोन्स', म्हणजे डोंगर आहे. डोंगरावरून 'डोंगर चढणे' हे क्रियापद झाले आणि मग जे जे काही चढायचे, त्या सगळ्याला ते लागू पडले. बिलाच्या तळाशी लिहिलेली 'अमाउंट' याच घराण्यातली, कारण बेरीज वर वर चढत जाते. 'पॅरामाउंट' म्हणजे सगळ्यांच्या वर असलेला. बाजारात बाकावर चढून गुटी-चूर्ण विकणाऱ्या भोंदू वैदूला इटलीत जे नाव पडले, त्यातूनच इंग्रजीतला 'माउंटबँक' आला. मुळात तो नुसता 'बाकावर चढणारा' होता.

'पुन्हा' लावल्यावर तर शब्दाने घरभर पसारा मांडला. फ्रेंच माणूस घड्याळाला चावी देतो, तेव्हाही तो हेच क्रियापद वापरतो, कारण उतरलेली कमान पुन्हा वर चढवायची असते. वर्षातून एकदाच न फुलता पुन्हा पुन्हा बहर धरणाऱ्या गुलाबांच्या जातीला याच धातूवरून नाव आहे. जुन्या अंगठीतला हिरा काढून नव्या कोंदणात बसवला की जवाहिऱ्याच्या इंग्रजीत तो रिमाउंट होतो. संगणक हाताळणारे तंत्रज्ञ चालू यंत्रावरची डिस्क वेगळ्या परवानगीने पुन्हा जोडतात, तेव्हा त्यांच्या आज्ञेतही हीच अक्षरे असतात. जुने नाटक पुन्हा उभे करण्यालाही परदेशी रंगभूमीवर हाच शब्द आहे. मराठी नाटकवाल्यांना मात्र त्याची गरज पडलेली नाही. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत 'नव्या संचात' हे दोन शब्द आले की प्रेक्षक काय समजायचे ते समजतो.

या सगळ्या अर्थांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. पुन्हा चढायचे, तर आधी कुठेतरी उतरावे लागते, बहुधा पडावेच लागते. सैन्यात पडतो तो घोडा. क्रियापद स्वाराबद्दल बोलते, 'तो पुन्हा स्वार झाला'. त्याच शब्दाचे नाम झाले की ते घोड्याबद्दल बोलू लागते, 'दोनशे रिमाउंट पाठवा'. पहिल्या वाक्यात शौर्य आहे, दुसऱ्यात खरेदी. दोन्हींच्या मध्ये जो घोडा मेला, त्याचा उल्लेख कुठेच नाही, आणि दुसरा घोडा कोणाच्या पैशाने आला हेही त्या शब्दात नाही. खरा प्रश्न तिथेच आहे. तो शब्दकोशातला नाही, हिशेबाच्या वहीतला आहे, आणि त्याचे उत्तर मराठी मुलखाने तीनशे वर्षांपूर्वी दोन वेगवेगळ्या शब्दांत लिहून ठेवले आहे.

मराठीत मुळात घोड्यावर कोणी फारसे 'चढत' नाही. मराठी माणूस घोड्यावर बसतो, मांड टाकतो, मांड ठोकतो. घसरला तर पुन्हा मांड जमवतो. घोड्याभोवतीचे बाकीचे सामान बहुतेक फारसी-अरबीतून आले: जीन, लगाम, रिकीब, पागा, स्वार. 'खोगीर' हाही तिकडचाच. घोड्याचा घाम टिपणारी जाड गादी, हा त्याचा मूळ अर्थ. त्या गादीत जी चिंध्या-गवताची भर घालत, तिच्यावरून कामाच्या नसलेल्या माणसांच्या भरतीला 'खोगीरभरती' म्हणू लागले. 'स्वारी' तर मोहिमेवरून निघाली ती थेट घरातल्या कर्त्या पुरुषापर्यंत पोहोचली. 'स्वारी जेवली का?' असे विचारणाऱ्या बाईच्या मनात घोडा नसतो. काम अडले की मराठी माणसाचे घोडेच अडते, आणि ते नेमके कुठे अडले हे शोधताना घोडे कुठे पेंड खाते, असे तो विचारतो.

रिमाउंटच्या अगदी जवळचा शब्दही होता. स्वाराच्या सोबत रिकाम्या खोगिराने चालवत नेलेल्या जादा घोड्याला 'कोतल' म्हणत. जुन्या कोशांत तो सापडतो. बोलण्यातून तो गेला. त्याच्यामागे राहिले 'बारगीर' आणि 'शिलेदार', आणि ते दोघे कोतलापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातात.

त्यांच्याकडे वळण्याआधी दक्षिणेत घोडा किती महाग होता, ते पाहायला हवे. कोकणपट्टीच्या आणि त्याखालच्या किनाऱ्याच्या दमट हवेत चांगला घोडा निपजत नाही, टिकतही नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्यावरून गेलेल्या मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल एक मासलेवाईक गोष्ट नोंदवली आहे. राजाने चाच्यांशी करार केला होता. लुटीतले बाकी सगळे चाच्यांचे, पण गलबतावर घोडे सापडले तर ते राजाचे. तमिळ किनाऱ्यावरचा राजा दरवर्षी दोन हजारांहून अधिक घोडे विकत घेतो आणि वर्ष सरताना त्यांतले शंभरही उरत नाहीत, असेही तो लिहितो. त्याच्या मते कारण एकच, तिथे घोड्यांची निगा कशी राखायची ते कोणाला ठाऊक नाही.

विजयनगरच्या दरबाराचा हिशेब याहूनही विचित्र होता. सोळाव्या शतकात तिथे राहिलेला पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नाव नुनिश सांगतो की, साळुव नरसिंह राजा होर्मुझहून आलेले घोडे मेलेले असोत वा जिवंत, ठरल्या भावाने घेत असे. वाटेत समुद्रात घोडा मेला, तर व्यापाऱ्याने नुसते शेपूट आणून दाखवायचे आणि जिवंत घोड्याचे पैसे घेऊन जायचे. आजच्या भाषेत हा प्रवासी विमाच झाला. तो राजाने उतरवला होता, कारण धोका व्यापाऱ्याच्या डोक्यावर ठेवला असता, तर पुढच्या हंगामात गलबत आलेच नसते. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी अरबी घोड्यांची गलबते आधी गोव्याच्या बंदरात आणायला लावली आणि त्यांवरच्या जकातीवर तिजोरी भरली. विजयनगर आणि विजापूर, दोघांनाही घोडे हवे होते, आणि दोघांनाही गोव्याशी जुळवून घ्यावे लागत होते.

उत्तरेत अकबराच्या काळात एक नियम होता, 'दह-बिस्ती', म्हणजे दहाला वीस. दहा स्वारांमागे वीस घोडे हवेत. एक थकला की दुसऱ्यावर बसायचे. पण कागदावर वीस आणि हजेरीला बारा, ही खोड तेव्हाही होती. म्हणून घोड्यांना डाग देण्याची पद्धत आली. एकच घोडा दोन सरदारांच्या हजेरीत उभा राहू नये, यासाठी ती होती.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात घोडा कोणाचा, हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, तो पागेचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. सभासदाच्या बखरीत या रचनेचा तपशील आहे. पंचवीस स्वारांमागे एक हवालदार, त्यांच्याबरोबर एक पखालजी आणि एक नालबंद. नालबंदाची नेमणूक तितकीच ठरलेली होती जितकी हवालदाराची, यावरून पागेची नजर कुठे होती ते कळते. पावसाळ्यात पागा छावणीला यायची. तिथे दाणा, वैरण, औषध आणि घोड्यांसाठी खोपटी यांची तजवीज आधीच करून ठेवलेली असे. दसऱ्याला पुन्हा मोहीम निघे.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना १६७३ च्या सुमारास महाराजांनी लिहिलेले पत्र आज अनेकांना माहीत आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या अर्थाने ते भाषणांत नेहमी येते. त्याच पत्रात घोड्यांचा कडक हिशेबही आहे. साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनमानी उडवली, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवेल, कोणी दिवा तसाच ठेवेल आणि उंदीर जळती वात ओढून नेईल, हेही त्यात आहे. एक घोडा मेला तर तो कोणाच्या नावावर लिहायचा, हे छत्रपतींनी अंमलदाराला आधीच सांगून ठेवले होते. पागेचा घोडा मेला की जाब अंमलदाराला द्यावा लागे. बारगिराच्या चुलीवर त्याची झळ येत नसे.

शिलेदाराचे तसे नव्हते. त्याचा घोडा म्हणजे त्याची शेती, त्याचे दुकान, त्याची पत. मोहीम फळली तर कमाई मोठी. घोडा मेला तर माणूस त्या दिवसापासून पायउतार, शब्दशः. मुघल आणि मराठा सैन्यावर लिहिणाऱ्यांनी या रचनेतला एक दोष वारंवार दाखवला आहे. ज्याचा घोडा त्याच्या घरचा, तो तोफांच्या तोंडी घोडा घालायला कचरतो. त्याला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. पण पलीकडे वसुलीला बसलेला सावकार पाहिला, तर तो साधा व्यवहार दिसतो. पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत शेवटची लढाई झाली, तोवर कित्येक आठवडे छावणीत दाणावैरणीची उपासमार चालू होती. माणसे भुकेली होती आणि त्यांच्याखालची जनावरेही. अशा वेळी मेलेल्या घोड्याची भरपाई कोण करणार, हा प्रश्न एकेका शिलेदाराच्या मनात आला नसेल, असे म्हणवत नाही.

'बारगीर' या शब्दाचा प्रवास तर डोळे उघडणारा आहे. फारसीत त्याचा अर्थ ओझे वाहणारा, म्हणजे जनावर. जनावराचे नाव त्या जनावरावर बसलेल्या माणसाला पडले, कारण दोघेही मालकाचे. १७४१ नंतरची दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या आणि त्याच शब्दाचे बंगालीत 'बर्गी' झाले. लहान मुलांना झोपवताना बंगाली आया ज्याची भीती घालत आल्या, तो बर्गी म्हणजे मुळात स्वतःचा घोडाही नसलेला, महिन्याच्या पगारावर आलेला मराठी गडी.

इंग्रजांना हे दोन शब्द भारतात आयतेच मिळाले. त्यांनी त्यांतला शिलेदार उचलला, कारण तो स्वस्त होता. शिंद्यांच्या फौजेत उमेदवारी केलेला जेम्स स्किनर १८०३ मध्ये कंपनीकडे गेला आणि त्याच्या स्वारांची पलटण उभी राहिली. १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांच्या खर्चाने एक स्वारांचे दल उभे राहिले, त्यातूनच पुढे 'पूना हॉर्स' झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पेशव्यांच्याच विरुद्ध मैदानात उतरले. पुढे शतकभर भारतातल्या बहुतेक देशी घोडदळ पलटणी 'सिल्लादार' पद्धतीवर चालल्या. इंग्रजीत शब्दाचा उच्चार वाकडा झाला, हिशेब मात्र तसाच राहिला. भरती होणाऱ्या स्वाराने घोडा आणि सरंजाम यांसाठी ठरावीक रक्कम पलटणीत भरायची. त्या जागेला 'असामी' म्हणत. नोकरी सोडताना ती रक्कम परत मिळे. ज्यांच्याकडे पैसे होते, त्यांनी अनेक असाम्या धरल्या आणि आपल्या घोड्यांवर बारगीर बसवले. आज पाच रिक्षा घेऊन त्या भाड्याने चालवायला देणाऱ्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

पण इंग्रजांनी यात एक भर घातली, आणि ती महत्त्वाची आहे. प्रत्येक पलटणीत 'चंदा' नावाची पेटी असे. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम तिच्यात जायची. कोणाचा घोडा मेला किंवा निकामी झाला, तर त्या पेटीतून दुसरा घोडा घ्यायला मदत मिळे. एकट्याचा घोडा एकट्याच्या डोक्यावर राहिला नाही, तो सगळ्या पलटणीत वाटला गेला. शिलेदारीची जुनी जखम त्या वर्गणीने बरीचशी भरली.

जोवर घोडे एकेक करून मरत होते, तोवर.

१९१४ मध्ये भारतीय घोडदळ फ्रान्सला गेले. तिथे घोडे शेकड्याने मरू लागले. महिन्याला काही आणे जमवणारी पेटी त्या मरणाला पुरणे शक्यच नव्हते. घोडे पुरवण्याचे काम सरकारला हाती घ्यावे लागले. युद्धानंतर ही पद्धतच बंद करण्यात आली. एकोणचाळीस घोडदळ पलटणींच्या एकवीस झाल्या आणि सगळ्यांचे घोडे सरकारी झाले. शिलेदार संपला आणि सरकारच्या घोड्यावरचे सगळेच बारगीर झाले. धोका माणसाच्या डोक्यावरून उचलून सरकारच्या डोक्यावर ठेवण्यासाठी एक महायुद्ध लागले.

ब्रिटनमध्ये हे शहाणपण आधीच आले होते, पण तेही घोड्यांच्या दयेपोटी नव्हे. १८८७ मध्ये तिथे लष्कराचे स्वतंत्र रिमाउंट खाते उघडले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांच्या बाजूचे तीन लाखांहून अधिक घोडे गेले. त्यांतले बहुतेक गोळीने मेले नाहीत. बोटीतून उतरवून विश्रांतीशिवाय आगगाडीत कोंबणे, अर्धपोटी राबवणे आणि रोग, यांनीच त्यांचा जीव घेतला. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने शेतांतून आणि टांग्यांतून बारा दिवसांत लाखाहून अधिक घोडे ताब्यात घेतले. ऑस्ट्रेलियातून त्या युद्धात सुमारे १,३६,००० घोडे बाहेर गेले. न्यू साउथ वेल्सवरून पडलेल्या 'वेलर' या नावाने ते भारताच्या घोडेबाजारात आधीपासून ओळखीचे होते. त्या एवढ्या घोड्यांपैकी मायदेशी परतला एक, जनरल ब्रिजेस यांचा सँडी. ब्रिजेस स्वतः गॅलिपोलीच्या जखमेने मेले होते. इजिप्तमध्ये ऑस्ट्रेलियन रिमाउंट पथकात घोडे वठणीवर आणण्याचे काम करणारा एक अधिकारी होता बँजो पॅटरसन, त्या देशाचा लाडका लोककवी. रिमाउंटची मोजणी कवीच्या हाती गेली म्हणून ती सुखद झाली, असे काही घडले नाही.

भारतात हा शब्द आजही सरकारी पाटीवर आहे. लष्कराच्या रिमाउंट आणि पशुवैद्यकीय दलाचे केंद्र मेरठला आहे आणि सहारनपूर, हेमपूर इथे घोडे व खेचरे तयार होतात. जिथे रस्ता संपतो, तिथे डोंगरातल्या चौक्यांवर अजूनही खेचर शिधा पोहोचवते. जयपूरची एकसष्टावी कॅव्हलरी घोड्यावरच आहे. बाकी पलटणी रणगाड्यांत गेल्या, पण शिपाई तिथेही 'सवार'च राहिला आणि त्याच्यावरचे दफादार, रिसालदारही तसेच. चिलखती दलाचे प्रशिक्षण अहिल्यानगरला होते, त्यामुळे घोडा गेल्यावरही हे शब्द मराठी मुलखात रोज उच्चारले जातात. भीमेच्या काठचे भीमथडी तट्टू, ज्याच्यावर मराठ्यांचे घोडदळ दौडले, त्याची तर देशातल्या पशुजातींच्या अधिकृत यादीत स्वतंत्र जात म्हणून नोंद अलीकडेच झाली. शाळेच्या पुस्तकात ज्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या होते, तो घोडा सरकारदरबारी इतक्या उशिरा आला.

पण खरा स्वार आज पागेत शोधायचा नाही. तो पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरच्या चौकात सिग्नल सुटायची वाट पाहत उभा आहे. पाठीवर चौकोनी पिशवी आणि हँडलला मोबाइल. कंपन्या त्याला 'रायडर' म्हणतात, म्हणजे स्वारच. जरा गोड बोलायचे असेल तेव्हा 'पार्टनर' म्हणतात. गाडी त्याची, गाडीचा हप्ता त्याचा, पेट्रोल, पंक्चर, ब्रेक, चेन-स्प्रॉकेट सगळे त्याचे. गाडी खासगी वापरासाठी घेतलेली असेल, तर धंद्यातल्या अपघातानंतर विम्याचा दावा अडकण्याची भीतीही त्याचीच. मराठीत याला तयार शब्द आहे. हा शिलेदार आहे, तोही चंद्याच्या पेटीशिवायचा.

आकुर्डीत १९७२ पासून बनलेली चेतक स्कूटर मध्यमवर्गाचा घोडा होती. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ती सुमारे साडेतीन दशके धावली, मग थांबली आणि २०२० मध्ये विजेवर पुन्हा आली. चेतकच्या मालकाला ती महिनाभर गॅरेजमध्ये पडली तरी पगार मिळत होता. आजच्या रायडरचे तसे नाही. त्याची गाडी मंगळवारी बंद पडली, तर मंगळवारची कमाई शून्य. बुधवारी तो दुसऱ्याची गाडी भाड्याने घेतो आणि अर्धी कमाई भाड्यात घालवतो. शिलेदाराचा बारगीर व्हायला एक रात्र पुरते.

हा वर्ग लहान नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असे म्हटले. संसदेने २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदा या कामगारांची व्याख्या केली आणि कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीतून एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद केली. राजस्थानने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला, कर्नाटकानेही २०२५ मध्ये केला. दोन्हीकडे व्यवहारामागे कल्याण शुल्क घेण्याची कल्पना आहे. हे चांगलेच झाले. पण अपघात, आजारपण, म्हातारपण असे या सगळ्याचे लक्ष माणसाकडे आहे. घोडा त्यात जवळजवळ नाहीच. कायदा लिहिणाऱ्याला स्वार दिसतो, त्याच्याखालचे जनावर दिसत नाही. रिमाउंट या शब्दातली जुनी गफलत इथे नव्याने घडते आहे.

कोणी म्हणेल, गाडी ही त्याची मालमत्ता आहे, तिची काळजी सरकारने का करावी? उत्तर इतिहासात आहे. विजयनगरचा राजा शेपटाचे पैसे देत होता, तो दानधर्म म्हणून नव्हे. पलटणीने चंदा काढला, तोही स्वाराच्या प्रेमापोटी नव्हे. घोडा मेल्यावर स्वार पुन्हा मैदानात यावा, एवढाच दोघांचा स्वार्थ होता. कंपनीलाही तो हवाच आहे. दहा मिनिटांत दूध आणि वीस मिनिटांत बिर्याणी पोहोचवण्याचे वचन देणाऱ्याने ते वचन ज्याच्या चाकांवर दिले, त्या चाकांच्या खर्चात वाटा उचलला पाहिजे. वर्गणी नुसत्या रायडरकडून काढली, तर ती जुन्या चंद्यासारखी पहिल्याच मोठ्या संकटात आटेल. सलग पंधरा दिवसांचा पाऊस, सखल भागात तुंबलेले पाणी आणि एकाच आठवड्यात शहरभर इंजिनात पाणी शिरलेल्या गाड्या, एवढे त्यासाठी पुरे आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये विजेवरच्या बाइक टॅक्सीला वाट मोकळी करणारे धोरण स्वीकारले. त्या वाटेवर नवे स्वार येतील, त्यांतले कितीतरी कर्ज काढून नवी गाडी घेतील, कारण घरातली जुनी पेट्रोलची गाडी तिथे चालणार नाही. अशा वेळी दोनच गोष्टी ठरवायच्या आहेत. गाडी कंपनीची असेल, तर तो बारगीर आहे, मग ती बंद पडलेल्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये. गाडी त्याची असेल, तर तो शिलेदार आहे, मग प्रत्येक फेरीमागे कंपनीच्या हिश्शातून काही पैसे एका पेटीत पडावेत आणि गाडी गॅरेजमध्ये असताना त्या पेटीतून त्याला रोजचा ठरावीक भत्ता मिळावा. आज या दोन्हींच्या मधली जागा कंपन्यांना सोयीची आहे. काम घ्यायचे ते पागेच्या शिस्तीने, घोडा मात्र शिलेदाराचा.

गिग कामगारांसाठी राज्य स्वतःचा कायदा करील, तेव्हा त्याच्या मसुद्यात अपघात, उपचार, निवृत्ती असे रकाने येतीलच. त्यांच्याखाली आणखी एक रकाना आखायला फार शाई लागणार नाही: वाहन नादुरुस्त, दिवस किती, देय रक्कम किती.